बोलायची खोली

शाळेच्या लायब्ररीची मोडतोड होणार हे जयवंतीला कळलं तेव्हा ती ओल्या शेतात भाताचे भारे उचलत होती. ऐन दिवाळीत दोन दिवस अवकाळी पाऊस पडून कापलेलं भात जागेवरच भिजलं होतं. ते बांधावर आणून पसरलं नाही तर दाण्याला कोंब फुटणार हे लहान पोरालाही कळत होतं. तिचे हात चिखलानं भरलेले, म्हणून नवऱ्यानं, दिनानाथनं, फोन तिच्या कानाशी धरला. दुसऱ्या हातानं तो भारा ओढतच होता.

फोनवर मुख्याध्यापिका स्वप्ना मॅडम होत्या. "जयवंतीबाई, सुट्टी आहे, पण सोमवारी याल का? लायब्ररीची कपाटं रिकामी करायचीत. फेबियन सर येतील. आपण तिथे गोल टेबलं टाकतोय. मुलं गटागटानं बसतील, एकमेकांना शिकवतील, बोलतील."

"लायब्ररीत बोलतील?"

"हो. त्यासाठीच तर करतोय."

जयवंती 'बरं' म्हणाली. मॅडमना ती नेहमी 'बरं'च म्हणायची. फोन बंद झाल्यावर मात्र तिनं भारा बांधावर आपटला.

"बोलायला वर्ग नाय? मैदान नाय?"

"तुजा काय जातं?" दिनानाथ म्हणाला. "पगार देतात ना? मग नाचू दे पोरांना. भारा उचल."

तिचं काय जात होतं ते दिनानाथला कळणारं नव्हतं. चोवीस वर्षं ती त्या खोलीची डोळ्यात तेल घालून राखण करत होती. कागदोपत्री ती शिपाई, पण चांदीप गावापासून दोन किलोमीटरवरच्या त्या शाळेत आणि आसपासच्या पाड्यांवर सगळे तिला लायब्ररीबाई म्हणत. खोली लांबट, कोपऱ्यातली. चार लाकडी कपाटं, चार कुलपं, चाव्या जयवंतीच्या कमरेला. पोरांनी दारात रांगेत उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं, तिनं आतून आणून द्यायचं. बोलायचं नाही. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. खरं सांगायचं तर हा नियम शाळेनं कधी केलाच नव्हता. तो तिचा होता, आणि शाळेला तो फुकटात मिळाला होता.

तिच्या घरी बियाण्याचं भात कणगीत भरलं की तोंड शेणानं लिंपून टाकायची रीत होती. घरातले तांदूळ संपोत, पाहुणे दारात येवोत, ती कणगी पेरणीपर्यंत उघडायची नाही. सासूनं हे लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं आणि जयवंतीनं असं काही मनावर घेतलं की पुस्तकांनाही तोच न्याय लावला. साधी, फाटकी पुस्तकं तीन कपाटांत, ती पोरांसाठी. मुंबईच्या एका देणगीदारानं पाठवलेली जाड, रंगीत, गुळगुळीत कागदाची पुस्तकं चौथ्या कपाटात. त्यात कीड लागू नये म्हणून दर वर्षी निर्गुडीचा पाला, आणि दाराच्या फटींना चिकटपट्टी. वेळ आली की उघडू, असं ती म्हणे. वेळ कधी येणार हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही.

त्या पुस्तकांत माणसाच्या शरीराचं एक पुस्तक होतं. पानं काचेसारखी पारदर्शक. एक उलटलं की कातडी जाई, दुसरं उलटलं की स्नायू जात, आणि खाली हाडं दिसत. खोकी फोडली त्या दिवशी तिची मुलगी ऋतिका सातवीत होती. शाळा सुटल्यावर ती आईची वाट बघत थांबली होती आणि तासभर त्या पुस्तकावरून उठायला तयार नव्हती.

"एक दिवस घरी नेऊ, आई?"

"दहावी हो. मंग सगल्यांत पयला तुलाच देईन," असं म्हणून जयवंतीनं ते खाकी कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं होतं.

शिपाईबाईची पोर फुकट पुस्तकं वापरते असं कुणी म्हणू नये, ही तिला धास्ती. म्हणून शाळेत सगळ्यात जास्त ओरडा ऋतिकाला, आणि पुस्तकाच्या रांगेत शेवटचा नंबर ऋतिकाचा. पोरगी दहावी झाली तेव्हा भाताची लावणी चालू होती, नंतर विषय निघाला नाही. बारावीला गणित आणि इंग्लिश राहिलं. मग ती सातिवलीला प्लास्टिकच्या एका कंपनीत लागली. साच्यातून निघालेल्या झाकणांच्या कडा ब्लेडनं तासायचं काम. साडेआठ ते साडेपाच. आता ती वीस वर्षांची होती, आणि पुस्तक अजून वरच्या फळीवरच होतं.

सोमवारी कंपनीला सुट्टी असे. "आयशीसंगती जा," दिनानाथ ऋतिकाला म्हणाला. "दोघी असल्या तर लवकर सुटाल. दुपारी भात परतायला मानूस पायजे." त्याचं सगळं लक्ष अंगणातल्या ताडपत्रीवर पसरलेल्या भातावर. मूठभर उचलायचा, नाकाशी न्यायचा, कुबट वास आला की शिवी हासडायचा.

विज्ञानाचे फेबियन सर वसईहून स्कूटरवर आले ते हाफपँटमध्येच. सुट्टीतला माणूस. पहिली तीन कपाटं तासाभरात रिकामी झाली. फाटकी, कान दुमडलेली, तेलकट बोटांच्या ठशांची पुस्तकं ऋतिकानं पुसून सतरंजीवर मांडली. चौथ्या कपाटाची चिकटपट्टी निघता निघेना. जयवंतीनं ती नखानं सोलली. किल्ली दोनदा अडकली.

दार उघडलं आणि फेबियन सरांनी शीळच घातली. पुस्तकांच्या पाठी एका रांगेत, कोऱ्या, चकचकीत. "वा बाई! काय जपलंय!"

त्यांनी मधलं एक पुस्तक ओढलं. हातात नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर आलं. आतून माती सांडली, आणि मातीत पांढरी वाळवी वळवळत होती.

दुसरं ओढलं. तिसरं. सगळ्यांच्या पाठी उभ्या आणि आत माती. कपाटाची मागची फळी अंगठ्यानं दाबली तर अंगठा आरपार गेला.

"मी निरगुडी घातलेली, सर," जयवंती म्हणाली. "दरसाल घालतंय."

"भिंतीतून आली, बाई. कपाट इतकी वर्षं हललंच नाही. पुस्तकं काढली-ठेवली असती तर केव्हाच दिसलं असतं." सर हे सहज बोलले. ते चांगले गृहस्थ होते, टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण जयवंतीला वाटलं, भर वर्गात कुणी आपल्याला बाकावर उभं केलं आहे.

ती स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरचं खाकी पुडकं काढलं. हातात घेताच कळलं. एवढं जाड पुस्तक इतकं हलकं नसतं.

ऋतिकानं तिच्या हातून ते घेतलं आणि कागद उलगडला. वाळवीला प्लास्टिक आवडत नसावं. एका पारदर्शक पानाचा अर्धा तुकडा उरला होता, त्यावर छातीच्या सहा-सात फासळ्या.

"हे कुठलं गं?"

"तेच. हाडांचं. तू सातवीत व्हतीस..."

"आठवत पण नाही मला," ऋतिका म्हणाली. "सोड ना आई. झाडू कुठे आहे?"

ती खिडकीशी जाऊन तो तुकडा उजेडात धरून उभी राहिली. बराच वेळ. मग तिनं तो सुपलीत टाकला आणि केर काढायला लागली. जयवंती स्टुलावरच बसून राहिली. तिला सासूचा राग आला, कणगीचा राग आला, आणि शेवटी फिरून फिरून स्वतःचाच आला. पोरांच्या हाताला लागलेली सगळी पुस्तकं सतरंजीवर धडधाकट पडली होती.

दुपारी डबे उघडले तेव्हा फेबियन सर ऋतिकाला म्हणाले, "दोनच विषय राहिलेत ना? मग बस की परत. ही खोली आपण रोज संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडी ठेवणार आहोत. शाळा सोडून गेलेल्यांनाही यायची मुभा. अशा तुम्ही पाच-सहा जणी आहात. एकीला गणित येतं, एकीला इंग्लिश. एकमेकींना शिकवा, अडलं की मी आहे."

"कंपनीतून सुटून यायचं, सर?"

"आठवड्यातून दोनदा ये."

ऋतिकानं भाकरीचा तुकडा मोडला. "बघते," ती म्हणाली.

त्या 'बघते'वर जयवंतीचा जीव टांगला. लायब्ररीत बोलायचं की नाही, टेबलं गोल की चौकोनी, हे सगळं एका दुपारी तिच्या मनातून पुसलं गेलं. त्या टेबलांपैकी एकावर ऋतिका बसायला हवी, फेब्रुवारीत तिनं परीक्षा द्यायला हवी, तिच्या हातातलं ब्लेड सुटायला हवं. बाकी काहीही होवो.

मग तिनं जे काम केलं ते पगाराचं नव्हतं. पहाटे उठून अंगणातलं भात पायानं परतायचं, आठला शाळेत. वाळवीची भिंत खरवडली, औषध मारलं, दोन हात चुना दिला. उघड्या फळ्या कमरेच्या उंचीवर ठोकून घेतल्या. टेबलं आली तेव्हा टेम्पोवाल्याबरोबर ती स्वतः उचलायला लागली आणि पाठीत उसण भरून आली. घरी दिनानाथ एकटाच झोडणी करत होता. निम्म्या भाताला कोंब आले होते. "तुजी लायब्ररी खा आता वर्सभर," तो म्हणाला. ती पाठीला तेल लावून सूप घेऊन वारवायला बसली.

सुट्टी संपली आणि खोली सुरू झाली. काय तो कलकलाट! पोरं स्वतःच पुस्तकं काढत, दोघं-तिघं एकाच पुस्तकात डोकी खुपसत, भांडत, नकाशावर बोट ठेवून ओरडत. जयवंतीच्या ओठांवर दिवसातून पन्नास वेळा 'शूऽऽ' येई आणि ती गिळून टाकी. कमरेला चाव्या नव्हत्या, तरी हात तिथे जाई.

पहिल्याच मंगळवारी संध्याकाळी ऋतिका आली. बरोबर कंपनीतल्या दोन मैत्रिणी, तेजस्वी आणि ॲनिशा. ॲनिशाचं इंग्लिश चांगलं होतं, गणितात ती ढ. ऋतिकाचं इंग्लिश कच्चं, गणित त्यातल्या त्यात बरं. बारावीला गणित राहिलेली ही पोरगी तेच गणित दुसरीला समजावून सांगताना सुटत गेली. जयवंती फडका घेऊन एकच फळी पुन्हा पुन्हा पुसत होती. मधेच ऋतिका खळखळून हसली. घरात असं हसणं ऐकून किती वर्षं झाली हे जयवंतीला आठवेना. शुक्रवारीही त्या आल्या.

पुढच्या मंगळवारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सुधाकरराव आले, दोन पाहुण्यांना घेऊन. आधी सांगितलं नव्हतं. सुधाकरराव जुने माणूस. पूर्वी ते आले की जयवंतीच्या खोलीत टाचणी पडली तरी आवाज येई, आणि ते मान डोलावून जात. आता ते मॅडमबरोबर दारात उभे होते आणि चारही टेबलांवर बाजार भरला होता. नववीची पोरं तर टेबलावर ओणवी झाली होती. सुधाकररावांच्या कपाळाला आठी पडली. निदान जयवंतीला तरी ती दिसली.

पन्नास वेळा गिळलेलं सगळं तिच्या तोंडातून एकदम बाहेर पडलं. पण नववीच्या पोरांवर नाही. त्यांना ओरडलं तर त्यांचे आईबाप येतात. ज्या पोरीवर ओरडायचा आपला हक्क आहे तीच तिला दिसली.

"ऋतिका! गप बस! लायब्ररी हाय ही, मासलीबाजार नाय! बोलायचा असंल तर उठ, भायेर हो!"

ऋतिका तेव्हा ॲनिशाच्या वहीत एक उदाहरण सोडवून देत होती. सगळी खोली चिडीचूप झाली. सुधाकरराव हसले. "अहो बाई, बोलू द्या की त्यांना! मॅडमनी आत्ताच सांगितलं मला, ही बोलायचीच खोली आहे म्हणून." पाहुणेही हसले.

ऋतिकानं पेनाला टोपण लावलं. वही पिशवीत घातली. खुर्ची आवाज न करता आत सरकवली. दारापाशी आल्यावर ती शाळेतल्या कुठल्याही मुलीसारखी म्हणाली, "येते, बाई."

तेजस्वी आणि ॲनिशा तिच्यामागून गेल्या. जयवंती फडका हातात घेऊन उभी राहिली. धावत जाऊन पोरीचा हात धरावा एवढं काही तिच्यानं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, फेबियन सरांनी तिच्या हातात परीक्षेचा फॉर्म ठेवला. झालेला प्रकार त्यांच्या कानावर आला होता. "बाई, मी जेवढा भरता आला तेवढा भरलाय. तिची सही तेवढी राहिलीय. पुढच्या बुधवारी शेवटची तारीख, विरारच्या कॉलेजात, पाचच्या आत. तिला सांगा, सर वाट बघतायत."

जयवंतीनं फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पर्समध्ये ठेवला. घरी गेल्यावर लगेच द्यायचा, असं तिनं ठरवलं. पण ऋतिका आली ती बोटाला चिंधी बांधून. ब्लेड लागलं होतं. आज नको, जयवंतीला वाटलं. गुरुवारी दिनानाथचं आणि गावातल्या एकाचं भाड्याच्या मळणीयंत्रावरून वाजलं, घरात सगळे घुम्म. शुक्रवारी ऋतिका ओव्हरटाइम करून आली आणि भिंतीला टेकून ताटावरच पेंगली. आधी चूक कबूल करायची, मग फॉर्म काढायचा, असा क्रम जयवंतीनं मनात लावला होता. आणि चूक कबूल करायला तोंड उघडेना. पोरांवर ओरडायला चोवीस वर्षं बिनतक्रार उघडलेलं तोंड! ऋतिका विचारलेल्याला उत्तर देई. भाजी वाढू? वाढ. पानी तापवलंय. बरं. एवढंच. शनिवार गेला, रविवार गेला. सुट्टीच्या सोमवारी पोरगी दिवसभर बापाबरोबर पेंढ्याची उडवी रचत होती. जयवंती शाळेतून आली तेव्हा तिच्या केसांत पेंढा होता. तो काढायच्या निमित्तानं बोलावं म्हणून जयवंती जवळ गेली, तर दिनानाथनं चहा मागितला.

मंगळवारही तसाच गेला. बुधवारी दुपारी मॅडमना सांगून ती निघाली. टमटम, मग हायवेला दुसरी. साडेतीनला ती सातिवलीच्या गल्लीत कंपनीच्या गेटवर पोचली. इथे ती कधी आली नव्हती. ट्रकांची धूळ, गरम प्लास्टिकचा घशात बसणारा वास.

"ऋतिकाला बोलवा जरा. सहीच पायजे, दोन मिन्टं," ती वॉचमनला म्हणाली.

"फोन इथे जमा असतात, मावशी. आणि लाइन चालू असताना सुपरवायझर कुणाला सोडत नाही. साडेपाचला सुटेल."

"तवर हापिस बंद व्हईल ओ विरारचा."

"मग सकाळी घरूनच सही घ्यायची ना," वॉचमन म्हणाला आणि रजिस्टरात तोंड घातलं.

ती गेटसमोर गोदामाच्या कडेला उभी राहिली. पाठीतली उसण पुन्हा उठली होती. तिनं वाक्य पाठ केलं: माजा चुकला, बाय. तू परत बस तिथं. त्या दिसी मी कोनाला तरी दाखवायला बोलले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. चार वाजले, साडेचार वाजले. आणखी एकदा वॉचमनकडे गेली, त्यानं हातानंच नाही म्हटलं. पाचाचा भोंगा कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीचा झाला. विरारचं ऑफिस आता बंद झालं होतं, तरी ती तिथून हलली नाही.

साडेपाचला पोरी बाहेर पडल्या. सगळ्यांच्या केसांवर प्लास्टिकचा पांढरा भुगा. ऋतिका तेजस्वीशी बोलत येत होती. आईला बघून ती पळतच आली, चेहरा उतरलेला. "काय झालं? बाबांना काय झालं का?"

मागे दहा-बारा पोरी थांबून बघत होत्या. जयवंतीनं तोंड उघडलं.

"वढनी नीट घे आदी," ती म्हणाली.

ऋतिकानं ओढणी सारखी केली. दोघी हायवेपर्यंत चालत गेल्या.

टमटम भरलेली होती. दोघींना शेवटच्या बाकावर जागा मिळाली. चाकांखालून रस्ता मागे जायला लागला तेव्हा जयवंतीनं पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पोरीच्या मांडीवर ठेवली. ऋतिकानं फॉर्म उलगडून दोन्ही बाजू वाचल्या. सरांच्या सुवाच्य अक्षरात तिचं नाव होतं, जन्मतारीख होती. सहीची चौकट तेवढी रिकामी.

"आज शेवटची तारीख होती?"

"व्हय."

"सरांनी कधी दिला?"

"गेल्या बुधवारी."

ऋतिकानं फॉर्मची होती तशी परत घडी केली. "आठ दिवस मी रोज घरीच होते, आई," ती म्हणाली. "रोज तुझ्यासमोर बसून जेवत होते."

जयवंतीला आता पाठ केलेलं काही आठवेना. टमटमचं इंजिन धडधडत होतं, पोरीला ऐकू जाईल की नाही या भीतीनं तिचा आवाज चढला. "माजा चुकला, बाय! माजा लय चुकला!"

पुढच्या बाकावरची माणसं मान वळवून बघायला लागली. ऋतिकानं ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि खाली पळणाऱ्या रस्त्याकडे तोंड केलं.

"हळू बोल, आई," ती म्हणाली. "लोक बघतायत."